पाण्याचाच दोर

विहिरीवर मोटर बसवणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला विचारा. पाणी सहा-सात मीटरच्या खाली गेलं, की काठावरची मोटर पाणी उचलत नाही, हे तो तोंडपाठ सांगेल. मग मोटर खाली घ्यावी लागते, नाहीतर पाणबुडी मोटर सोडावी लागते. हा ताकदीचा प्रश्न नाही. पाच अश्वशक्तीच्या जागी पन्नासची मोटर आणून काठावर ठेवली, तरी ती पंधरा मीटर खोलातलं पाणी ओढू शकणार नाही.

आणि त्याच विहिरीच्या कडेला बाणवली नारळ उभा असतो. उंची सहज वीस मीटर. शेंड्याला झावळ्या हिरव्यागार, भर एप्रिलमध्येही. बुंध्याशी मोटर नाही, खोडात पाण्याची टाकी नाही, हालचाल नाही, आवाज नाही. जगातल्या उंच झाडांत तर नारळाची गणती ठेंगण्यांत व्हावी. कॅलिफोर्नियात 2006 साली सापडलेलं ‘हायपेरियन’ नावाचं रेडवूडचं झाड सुमारे 115 मीटर उंच आहे, म्हणजे पस्तीसेक मजल्यांची इमारत. त्याच्या शेंड्याच्या पानापर्यंतही जमिनीतलंच पाणी पोचतं.

जे मोटरीला जमत नाही, ते झाडाला कसं जमतं?

मोटर नेमकी कुठे हरते

काठावरची मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती फक्त पाइपातली हवा काढून टाकते. पाणी वर चढवतो तो बाहेरच्या हवेचा दाब. विहिरीच्या पाण्यावर हवेचं ओझं असतं. पाइपात ते उरत नाही, म्हणून पाणी पाइपात वर सरकतं. हवेचं हे ओझं समुद्रसपाटीला जास्तीत जास्त 10.3 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतं. इटलीतल्या तोरिचेलीनं 1643 साली पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून यामागचं कारण दाखवून दिलं. प्रत्यक्षात पाइपातलं घर्षण आणि बारीकसारीक गळती धरली, की दहाचे सहा-सातच हाती लागतात.

पण मोटरी येण्याआधीही माणसं वीस-पंचवीस मीटर खोल विहिरींतून पाणी काढत होतीच. रहाटावर दोर टाकायचा, पोहरा सोडायचा आणि वरून ओढायचं. तिथे हवेच्या दाबाचा काही संबंध नाही. दोर किती मजबूत आणि ओढणाऱ्याच्या अंगात जोर किती, एवढंच बघायचं. झाडानं ही दोराची वाट धरली आहे. मात्र झाडात दोर वेगळा नाही. पाणी हाच दोर, आणि पाणी हेच ओझं.

हे पटायला सोपं नाही. शास्त्रज्ञांनाही ते पटायला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. तेव्हा आधी बाकीच्या शक्यता तपासून बाजूला केलेल्या बऱ्या.

पाणी चढतं लाकडातून

झाडात दोन वेगळ्या वाटा आहेत. मुळांपासून पानांपर्यंत पाणी नेणाऱ्या जलवाहिन्या आणि पानांत तयार झालेली साखर इतर भागांना पोचवणाऱ्या रसवाहिन्या. आंबा, डाळिंब अशा झाडांत रसवाहिन्या सालीच्या आतल्या अंगाला असतात आणि जलवाहिन्या लाकडात.

याचा पुरावा कुठल्याही रोपवाटिकेत बघायला मिळतो. डाळिंबाची गुटी बांधताना माळी पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी धरतो, दोन गोल काप घेतो आणि मधली दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोल सोलून काढतो. पांढरं, ओलसर लाकूड उघडं पडतं. त्यावर ओलं शेवाळ, वर प्लॅस्टिकचा कागद, दोन्ही टोकांना सुतळी. साल पूर्ण तुटलेली असूनही वरची पानं कोमेजत नाहीत, कारण पाणी लाकडातून येतच राहतं. वरून खाली येणारी साखर मात्र कापलेल्या कडेपाशी अडते, आणि चार-सहा आठवड्यांत मुळं फुटतात ती नेमकी त्या वरच्या कडेला. पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा ही फांदी दोन वाटांचा भेद स्वच्छ दाखवते.

इथे एक गल्लत होते. माडाची पोय छेदली की नीरा थेंबथेंब गळते, ते पाहून वाटतं की झाड पाणी खालून जोरात ढकलतंय. पण नीरा हा रसवाहिन्यांतला साखरेचा रस. तो खरोखरच दाबाखाली असतो, म्हणून बाहेर येतो. जलवाहिन्यांतली गोष्ट याच्या अगदी उलट आहे.

मूळ ढकलतं का?

थोडं ढकलतं. मुळांच्या पेशी क्षार आत घेतात, त्यामागून पाणी आत येतं आणि आत दाब तयार होतो. याला मूलीय दाब म्हणतात. परसातल्या अळूकडे पावसाळ्यात भल्या पहाटे बघा. पानाच्या निमुळत्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत असतो. तो खाली पडतो आणि थोड्या वेळानं दुसरा तयार होतो. रात्री हवा दमट, जमीन ओली, पानांतून वाफ जात नाही. अशा वेळी मुळांनी आत ढकललेलं जादा पाणी पानाच्या टोकाशी असलेल्या खास छिद्रांतून बाहेर पडतं.

*चौकट: दव की झाडाचं पाणी?*
*गवतावर पहाटे दिसणारे सगळे थेंब दवाचे नसतात. दव हवेतून येतं आणि गार पडलेल्या पानावर सगळीकडे बारीक कणांनी पसरतं. मुळांनी ढकललेलं पाणी मात्र पात्याच्या टोकाला किंवा पानाच्या कडेला, ठरावीक जागीच टपोऱ्या थेंबांनी उभं राहतं. जवळच्या दगडावर किंवा पत्र्यावर ओल नसेल आणि पात्यांच्या टोकांवर थेंब असतील, तर ते पाणी झाडातून आलेलं आहे.*

पण हा दाब सहसा हवेच्या दाबाच्या एक-दोन पटींच्या पुढे जात नाही. शिवाय तो रात्री आणि ओल्या जमिनीत असतो, म्हणजे झाडाला पाण्याची निकड सगळ्यांत कमी असते तेव्हा. भर दुपारी झाडाचं खोड छेदलं, तर पाणी बाहेर उसळत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. खालून ढकलणं हे मुख्य कारण असतं, तर असं झालं नसतं.

केशाकर्षणाचा, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप चढण्याचा, खुलासा शाळेत बऱ्याचदा दिला जातो. तोही अपुरा आहे. जलवाहिनीचा व्यास 50 मायक्रोमीटर, म्हणजे केसापेक्षा थोडा कमी धरला, तर तेवढ्या नळीत पाणी साठेक सेंटीमीटर चढून थांबेल. तुळशीला पुरेल, नारळाला नाही.

जिवंत पेशी पाणी उपसतात का?

ही कल्पना मोहात पाडणारी होती. झाड जिवंत आहे, तर त्याच्या पेशींनीच पाणी वर चढवत न्यावं, हे स्वाभाविक वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी ती धीटपणे तपासली. सुमारे वीस मीटर उंचीचा ओक त्यांनी बुंध्याशी कापला आणि कापलेलं टोक पिक्रिक आम्लाच्या द्रावणात उभं केलं. हे आम्ल जिवंत पेशी मारतं. आम्ल खोडातून चढत गेलं, वाटेतल्या पेशी मरत गेल्या, तरी द्रव थेट शेंड्यापर्यंत पोचला. चढण्यासाठी खोडातल्या जिवंत पेशींची गरजच नव्हती. जलवाहिन्या तशाही मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या असतात.

आपल्या जगदीशचंद्र बोस यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. सालीच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी तालबद्ध आकुंचन-प्रसरण पावतात आणि पाणी पुढे ढकलतात, असं त्यांचं मत होतं. खोडात अत्यंत बारीक विद्युत शलाका खुपसून, पेशींच्या विद्युत स्पंदनांची नोंद घेऊन त्यांनी ते मांडलं आणि 1923 साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांची उपकरणं त्या काळात अद्वितीय होती, आणि वनस्पतींत विद्युत संदेश वाहतात हे त्यांचं म्हणणं काळाच्या कसोटीवर टिकलं. पाण्याबद्दलचं मात्र टिकलं नाही. गुटी बांधताना नेमका तोच थर सालीसकट निघून जातो आणि फांदी तरीही हिरवी राहते. बोस यांच्याबद्दलचा आदर यानं तसूभरही कमी व्हायचं कारण नाही. विज्ञानात मोठ्या माणसांची मतंही अशीच तपासली जातात.

ओढणारा सूर्य

मग उरतं पान. इंग्लंडमधले टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी कुंडीतलं सूर्यफूल घेतलं, मातीतून वाफ जाऊ नये म्हणून कुंडीवर शिशाचा पत्रा बसवला आणि दिवसेंदिवस तिचं वजन करत राहिले. आकारमानाच्या हिशेबात सूर्यफूल माणसाच्या सतरा पट पाणी बाहेर टाकतं, असं त्यांनी 1727 साली छापलेल्या आपल्या पुस्तकात लिहिलं. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा पंच्याण्णवहून अधिक पाणी असंच वाफ होऊन निघून जातं, हे आज आपल्याला माहीत आहे.

ही उधळपट्टी वाटते, पण झाडाचा नाइलाज आहे. पानाच्या खालच्या बाजूला हजारो सूक्ष्म तोंडं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. अन्न बनवायला लागणारा कार्बन डायऑक्साइड तिथूनच आत येतो. तोंड उघडलं की आतली ओल बाहेर जाणारच. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे बहुतेक झाडं पाण्याचे शेकडो रेणू गमावतात. ज्वारीला यात गव्हापेक्षा बरीच काटकसर साधते. निवडुंग तर दिवसा तोंडं मिटून घेतं आणि रात्री गारव्याला उघडतं.

आता पानाच्या आत जाऊ. तिथल्या पेशींच्या भिंती ओल्या असतात. भिंत म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची दाट वीण, आणि तंतूंमधल्या फटी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. प्रत्येक फटीत पाण्याचा पृष्ठभाग ताणलेला असतो. थोडं पाणी वाफ झालं, की तो पृष्ठभाग आत वळतो आणि मागचं पाणी स्वतःकडे खेचतो. मागचं त्याच्या मागच्याला. ही खेच पानाच्या शिरांतून देठात, देठातून फांदीत, खोडात, मुळांत आणि शेवटी मातीच्या कणांमधल्या ओलीपर्यंत पोचते. सलग एकच दोर, वरून खेचलेला.

यासाठी झाड स्वतःची शक्ती जवळजवळ खर्चत नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती ऊन आणि भोवतालची हवा पुरवते. तेवढंच पाणी वीस मीटर उचलायला लागते जेमतेम 0.2 किलोज्यूल. म्हणजे बारा हजारांतला एक भाग. नारळाच्या शेंड्यावर वाफ होतेच आहे, पाणी वर चढणं हे त्या कामात जाता जाता होऊन जातं.

पाण्याला ताण कसा सोसतो?

डब्लिनचे हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी 1894 साली हे स्पष्टीकरण मांडलं, तेव्हा पहिला आक्षेप हाच होता. द्रव ओढला तर तो तुटणार नाही का?

उत्तराची सोय आधीच झालेली होती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सलँ बेर्तलो यांनी 1850 साली काचेची मजबूत नळी पाण्यानं जवळजवळ पूर्ण भरून तोंड वितळवून बंद केलं. आत एक छोटासा बुडबुडा राहिला. नळी तापवल्यावर पाणी फुगलं आणि बुडबुडा नाहीसा झाला. मग नळी निववली. पाण्यानं आता आक्रसायला हवं होतं, पण ते काचेला चारी बाजूंनी चिकटून ताणलेलंच राहिलं. बऱ्याच वेळानं टक् आवाज झाला आणि बुडबुडा परत आला. तोवर ते पाणी हवेच्या दाबाच्या पन्नासेक पट ताण सोसत होतं.

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, हे त्याचं कारण. मोटरीच्या पाइपात हा गुण वाया जातो. तिथे पाण्यात हवा मिसळलेली, पाइपाच्या आतल्या ओरखड्यांत बुडबुडे दडलेले. जरा ताण आला की ते फुगतात आणि स्तंभ तुटतो. जलवाहिन्या अतिशय बारीक असतात, त्यांच्या भिंती पाण्याला धरून ठेवणाऱ्या असतात, आणि आत येणारं सगळं पाणी मुळांतल्या जिवंत पेशींतून गाळून येतं. त्यामुळे दोर तुटायला निमित्तच सहसा मिळत नाही.

ताण मोजला

एवढं सगळं सुसंगत असलं, तरी झाडातला ताण प्रत्यक्ष मोजण्याची सोपी रीत हाती येईपर्यंत शंका उरली होती. ती रीत पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली प्रसिद्ध केली. ताजी तोडलेली डहाळी घेतली की तिच्यातलं ताणलेलं पाणी सुटतं आणि कापलेल्या टोकापासून आत पळतं. अशी डहाळी पोलादी डब्यात बंद करायची, फक्त कापलेलं टोक झाकणातल्या रबरी बुचातून बाहेर ठेवायचं. डब्यात हळूहळू वायूचा दाब वाढवत टोकाकडे भिंगातून बघत राहायचं. एका क्षणी कोरडं लाकूड ओलसर चमकतं. त्या घडीला डब्यात जेवढा दाब, तेवढाच आधी झाडात ताण. उत्तर अमेरिकेतल्या अतिउंच सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांवरच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीनं नेम धरून पाडल्या होत्या. अपेक्षेप्रमाणे शेंड्याकडे ताण जास्त निघाला. पाणी दहा मीटर उचलायला हवेच्या दाबाइतका ताण लागतो; वाटेतलं घर्षण धरलं तर साधारण दुप्पट.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते याच मोजणीत आलेलं खारफुटीचं उत्तर. कोकणातल्या खाड्यांत तिवराचं झाड जेमतेम दोन-चार मीटर उंच असतं, तरी असल्या खारफुटींत ताण मोजला तर तो हवेच्या दाबाच्या तीस ते साठ पट निघाला. कारण इथे पाणी वर नेण्यापेक्षा अवघड काम आहे ते खाऱ्यातून गोडं काढण्याचं. समुद्राचं पाणी आपलं गोडं पाणी सोडायला सुमारे पंचवीस पट ताण मागतं. तिवर त्याहून जास्त जोरानं ओढतो, मूळ बहुतेक मीठ बाहेरच ठेवतं, उरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडतं. भरउन्हात तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागतं. महाराष्ट्रानं 2020 साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. तिचंही पोषण याच खाऱ्या चिखलात होतं.

आणखी एक पुरावा साधा आहे. खोडावर एक जागा किंचित गरम करायची आणि ती ऊब वर किती वेळात पोचते ते बघायचं. असं केल्यावर दिसलं की सकाळी प्रवाह आधी फांद्यांत सुरू होतो, बुंध्यात नंतर. दोर वरून ओढला जातोय, याची आणखी कसली साक्ष हवी?

दोर तुटतो तेव्हा

कडक उन्हाळ्यात जमीन सुकली, की ताण वाढत जातो आणि एखाद्या जलवाहिनीत हवा शिरते. मोटरीनं हवा धरली की पाणी बंद होतं, तसंच तिचं होतं. मिलबर्न आणि जॉन्सन यांनी 1966 साली एरंडाच्या पानांना संवेदक जोडून या तुटण्याचे आवाज टिपले. जलवाहिन्यांना जोडणाऱ्या छिद्रांत झिरझिरीत पडदे असतात. ते पाणी जाऊ देतात, पण हवेला बऱ्याच ताणापर्यंत अडवतात. म्हणून एक नळी गेली तरी शेजारच्या चालू राहतात. आंब्यात दर वर्षी नवं लाकूड येतं, त्याबरोबर नव्या नळ्या येतात. नारळाला ही सवलत नाही. त्याचं खोड जाड होत नाही. खोडाच्या प्रत्येक भागात पहिल्यापासून असलेल्या नळ्यांवरच त्याला साठ-सत्तर वर्षं काढायची असतात.

दुपारी वांग्याची, भोपळ्याची पानं माना टाकतात, तेव्हा जाणाऱ्या पाण्याची गती येणाऱ्यापेक्षा जास्त झालेली असते. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर काळजी नाही. पण जमीन ओली असूनही झाड सकाळीही मरगळलेलं दिसलं, तर नळ्याच बंद झाल्याची शंका घ्यावी. तुरीवरच्या मर रोगात बुरशी जलवाहिन्यांत शिरून नेमकं हेच करते. अशा झाडाला पाणी वाढवून उपयोग नसतो.

रोप उपटून लावताना बारीक मुळं तुटतात, म्हणजे दोराचं खालचं टोकच सुटतं. म्हणून लावणी संध्याकाळी करावी, मोठ्या रोपाची काही पानं कमी करावीत आणि दोन-चार दिवस सावली धरावी. निशिगंधाचे दांडे फुलदाणीत ठेवतानाही टोक पाण्याखाली धरून पुन्हा कापावं, म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा मागे राहते आणि फुलं जास्त टिकतात.

उंचीची हद्दही हाच दोर ठरवतो. रेडवूडच्या शेंड्यावर चढून मोजमापं घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी 2004 साली अंदाज दिला, की झाड 122 ते 130 मीटरपलीकडे वाढू शकणार नाही. तिथे ताण इतका असतो, की मुळांशी भरपूर पाणी असूनही शेंड्याची पानं लहान आणि जाड राहतात.

घरातल्या मुलांना हे सगळं दाखवायचं असेल तर गौरींसाठी तेरडा येईल तेव्हा त्याच्या दोन सारख्या फांद्या बाजूला काढा. पाण्याखाली त्यांची टोकं कापा, एका फांदीची सगळी पानं खुडा, आणि दोन्ही लाल शाईच्या पाण्यात उजेडाच्या, वारा लागेल अशा जागी ठेवा. तेरड्याचं खोड अर्धपारदर्शक असल्यानं लाल रेघा चढताना बाहेरूनच दिसतात. पानं असलेल्या फांदीत त्या कितीतरी लवकर वर जातील.